रद्दीतून कोलाज, एका बाइंडरच्या हातचं

कोलाज करायचं मनात असेल तर पहिल्या दिवशी कात्रीला हात लावू नका. घरातली रद्दी खाली काढा, चटईवर बसा आणि एकेक कागद नुसता हाताळा. चुरगाळा, कानाजवळ वाजवा, खिडकीच्या उजेडात धरून बघा. मी सोलापुरात साखर पेठेत ३४ वर्षं बाइंडिंगचं दुकान चालवलं. वकिलांची जाडजूड पुस्तकं, शाळांचे हजेरीपट, व्यापाऱ्यांच्या खतावण्या, कॉलेजच्या मुलांचे प्रबंध, सगळं या हातांखालून गेलं. कागद ओळखता आला की कोलाजचं निम्मं काम झालं, हे मी त्या कामावरून सांगतो. ओळख नसेल तर चित्र कितीही देखणं होऊ द्या, दोन उन्हाळ्यांत त्याच्या कडा उचलायला लागतात.

शाळेत आपण सगळ्यांनीच चिकटकाम केलंय. घोटीव कागद आणायचा, पोपट कापायचा, डिंकाने चिकटवायचा. तो कागद कोरा आणि सगळीकडून एकसारखा, म्हणून त्याच्याकडे निरखून बघायची वेळच येत नाही. रद्दीतला कागद आधी कुणाच्या तरी कामाला आलेला असतो. त्याला घडी पडलेली असते, कोपऱ्यात हळदीचं बोट उठलेलं असतं, मागे कुणीतरी दुधाचा हिशेब लिहिलेला असतो. ते झाकू नका. तो कागद मुळात काय होता हे चित्रात दिसलं पाहिजे, एवढाच माझा आग्रह आहे. पुढचं सगळं त्यासाठीच.

कागद कुठून आणायचा

रद्दीच्या दुकानात जाऊन वजनावर गठ्ठा घेऊ नका. दुकानदाराला विचारून अर्धा तास तिथेच बसा आणि निवडून घ्या. जुन्या वह्यांचे आखीव कागद, खतावणीची लाल रेघांची पानं, नकाशे, कॅलेंडरं, पंचांगं तिथेच सापडतात. छापखान्यात कटिंग मशिनपाशी कात्रणाचा ढीग पडलेला असतो. त्यात इतके रंग आणि इतक्या जाडीचे कागद मिळतात की बाजारात विकत घ्यायला गेलात तर मिळायचे नाहीत. लग्नसराई संपली की ओळखीच्या घरी पत्रिका मागायच्या. बँकेची, विम्याची पाकिटं आतून बघा, निळ्या-करड्या बारीक नक्षीने भरलेली असतात. रात्रीच्या आभाळाला त्याहून चांगला कागद मला अजून सापडलेला नाही.

आणि सोलापूरकरांसाठी खास म्हणजे जॅकार्डची कार्डं. चादरीवरचा मोर, वेल, फुलं ज्या मागावर उठतात त्या मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरते. कार्ड वीत-दीड वीत लांब, त्यात तुरीच्या दाण्याएवढी भोकं. एक कार्ड म्हणजे चादरीतला एक आडवा धागा. कुठे भोक आहे आणि कुठे नाही, यावर ताण्याचा, म्हणजे उभा, कुठला धागा वर उचलायचा ते ठरतं. आता बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आले, नक्षी कॉम्प्युटरमधून येते, आणि जुन्या माळा पोत्यात पडून राहतात. माझ्या शेजारच्यांनी आयुष्यभर ही कार्डं पंच केली. त्यांनी मला पहिली माळ दिली तेव्हा म्हणाले, "बाइंडरमामा, यात एक अख्खा मोर आहे, वाया घालवू नका." कारखान्यातून कार्डं आणायची तर मालकाला विचारूनच आणा. एखादी नक्षी त्यांना अजून लागणार असते.

देवादिकांची चित्रं मी कापत नाही. पत्रिकेवरचा गणपती आणि कॅलेंडरवरची लक्ष्मी आधी वेगळी काढून ठेवतो. कुणाच्या आधार कार्डाची झेरॉक्स, बँकेचा उतारा, दवाखान्याचे कागद आले तर नाव-नंबराचा भाग फाडून बारीक तुकडे करून टाकतो. चित्र भिंतीवर लागणार, त्यात परक्या माणसाची खाजगी गोष्ट नको.

तीन परीक्षा

पहिली नखाची. कागदावर नखाने जोरात ओरखडा काढा. काळी रेघ उठली तर तो थर्मल कागद, बाजूला टाका. दुकानाची बिलं, एटीएमच्या पावत्या, एसटीची मशिनची तिकिटं यातच येतात. सुरुवातीला एका चित्रात मी अशा लांब बिलांच्या पट्ट्या पावसाच्या धारा म्हणून लावल्या. वाळल्यावर सुरकुत्या दिसल्या, म्हणून कोमट इस्त्री फिरवली, आणि सगळ्या धारा डोळ्यांदेखत काळ्याठिक्कर पडल्या. आठ दिवसांचं काम गेलं. त्या कागदावर शाई नसतेच. कागदालाच लेप दिलेला असतो आणि उष्णता लागली की तो काळा पडतो. इस्त्री नाही लावली तरी काही दिवसांनी त्यावरची अक्षरं उडून जातात, म्हणजे दोन्हीकडून तो निरुपयोगीच.

एसटीचं जुनं, पंच मारलेलं छापील तिकीट मात्र एखाद्या पुस्तकात सापडलं तर जपून ठेवा. जर्मनीत कुर्ट श्विटर्स नावाचा चित्रकार पहिल्या महायुद्धानंतर ट्रामची तिकिटं, वेष्टनं, फाटक्या जाहिराती उचलून चित्रं करायचा. त्या कामाला त्याने 'मेर्त्स' असं नाव दिलं. तो शब्दही कापलेलाच होता, छापील कागदावरच्या 'कोमेर्त्स'चा उरलेला तुकडा.

दुसरी परीक्षा पाण्याची. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बोटाने टिपा. शाईपेनाची अक्षरं आणि घरच्या इंकजेट प्रिंटरची छपाई पसरते. झेरॉक्स आणि लेझरची हलत नाही. पसरणारा कागद टाकून देऊ नका, तो सगळ्यात शेवटी अगदी कमी ओलाव्याने चिकटवा.

तिसरी परीक्षा ग्रेनची. तीच सगळ्यात महत्त्वाची, आणि कोलाज करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ती ठाऊक असते. गिरणीत कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेला लोळतात. त्या दिशेला आम्ही ग्रेन म्हणतो. चादरीला ताणा असतो तसंच समजा. वर्तमानपत्र एका बाजूने सरळ रेषेत टरकतं आणि दुसऱ्या बाजूने वेडंवाकडं फाटतं, ते यामुळे. ओला झाल्यावर कागद तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त फुगतो आणि वाळताना तेवढाच आकसतो. मोठा तुकडा पुठ्ठ्यावर लावताना दोघांचे ग्रेन एकमेकांना काटकोनात आले तर दोघं दोन दिशांना ओढतात आणि पुठ्ठा पिळवटतो. ग्रेन बघायचा तर चार बोटांचा चौकोन कापा आणि त्याची एक बाजू ओल्या फडक्याने पुसा. कागद पुंगळीसारखा वळेल. पुंगळी ज्या दिशेला लांब, तोच ग्रेन. मागे पेन्सिलने बाण काढून ठेवा. तळहाताएवढ्या तुकड्यांना हे बघायची गरज नाही, त्याहून मोठ्यांना बघाच.

एक सवय जमली तर लावून घ्या. डोळे मिटून कागद ओळखायचा. पत्रिकेचा, पंचांगाचा, वहीचा, पाकिटाचा, बोटांना प्रत्येक वेगळा लागतो. शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी १९५० च्या दशकात पूर्ण गेली, आणि त्यानंतर त्यांनी रंगीत कागद कापून कोलाज केले. मी डोळे मिटून बसतो तेव्हा त्यांचीच आठवण असते.

अक्षरांचे पोत

ही गोष्ट मला सोलापूरने शिकवली. आपल्या गावात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार लिप्यांचा छापील कागद एकाच रद्दीच्या गठ्ठ्यात निघतो. अर्थ बाजूला ठेवून, डोळे थोडे किलकिले करून या पानांकडे बघा. देवनागरी शिरोरेषेमुळे आडव्या रेघांची दिसते. शांत पाण्यासारखी, किंवा चादरीच्या पट्ट्यांसारखी. तेलुगू गोल गोल, ओंजळीत घेतलेल्या दाण्यांसारखी. कन्नडही गोलच, पण तिच्या डोक्यावरची रेघ जरा सपाट आणि तेलुगूची टिकमार्कासारखी उडती, त्यामुळे कन्नडचं पान थोडं भरीव वाटतं. उर्दू उजवीकडून तिरकी उतरत येते, वाऱ्याने गवत झुकावं तशी. बारीक टाइपाचं पान लांबून करडं दिसतं, मथळ्यांचं काळं. चार लिप्या आणि दोन-तीन आकार घेतले की रंगाचा थेंब न लावता फिकट, मध्यम, गडद सगळ्या छटा मिळतात.

दगडी भिंतीला मी तेलुगू लग्नपत्रिकेच्या आतला मजकूर वापरतो, पाण्याला मराठी वर्तमानपत्र, झाडाला उर्दू. मजकूर वाचता येऊ नये असं वाटलं तर कागद उलटा लावा. वाचता यावा असं वाटलं तर एकच शब्द ठेवा, चार ठेवलेत तर माणूस चित्र बघायचं सोडून वाचत बसतो.

वर्तमानपत्राबद्दल एक सावधगिरी. तो लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद. त्यातलं लिग्निन उजेडाने पिवळं पडतं आणि कागद ठिसूळ होतो. पिवळेपणा चालणार असेल तर खुशाल लावा, जुन्या वाड्याच्या भिंतीला तो उलट शोभतो. चित्रातला चेहरा किंवा महत्त्वाचा शब्द वर्तमानपत्रातला असेल तर चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ती लावा.

खळ

दुकानात फेविकॉल होताच, पण कोलाजला माझा हात अजून खळीकडेच जातो. खळ हळू सुकते. लावलेला तुकडा दोन मिनिटांपर्यंत सरकवता येतो, चुकला तर ओल्या फडक्याने सोडवता येतो. एक वाटी मैदा घ्या. आधी थोड्या गार पाण्यात कालवून सगळ्या गुठळ्या मोडा, मग सगळं मिळून पाच-सहा वाट्या होईल इतकं पाणी घाला आणि मंद आचेवर सारखं ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन ती काचेसारखी, पाऊण पारदर्शक दिसायला लागली की उतरवा. गार झाली की जुन्या सुती कापडातून गाळा. बोटांत धरून ताणली तर बारीक तार सुटली पाहिजे. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, आंबूस वास आला की फेकून द्या. कसर लागू नये म्हणून बाइंडर लोक खळीत मोरचूद टाकतात. मोरचूद विष आहे. ज्या घरात लहान मूल आहे तिथे तो टाकू नका. त्यापेक्षा चित्र कोरड्या जागी ठेवा आणि वर्षातून दोनदा मागून तपासा, तेवढं पुरतं.

जाड पत्रिका, जॅकार्डचं कार्ड, चंदेरी कागद यांना खळ धरत नाही. तिथे फेविकॉल घ्या. साध्या कामाला दोन भाग फेविकॉलमध्ये एक भाग पाणी, पतंगाच्या पातळ कागदाला निम्मं-निम्मं.

सोलापूरचा उन्हाळा इथे आडवा येतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी पंख्याखाली बसलात तर तुकडा पुठ्ठ्यापर्यंत नेईतो खळ वाळून जाते. सकाळी ९ च्या आत बसा, नाहीतर रात्री जेवणं आटोपल्यावर. पंखा बंदच ठेवा.

तुकडा रद्दी वर्तमानपत्रावर पालथा ठेवायचा आणि ब्रशने मधून कडांकडे खळ ओढायची. मग मिनिटभर थांबायचं. कागद ओलाव्याने फुगतो, त्याला आधी हवं तेवढं फुगू द्यायचं. घाई केली तर तो पुठ्ठ्यावर गेल्यावर फुगतो आणि बुडबुडे येतात. जागेवर ठेवला की वर कोरा कागद धरून मधून बाहेर घासायचं. आमच्याकडे हाडाची पट्टी असते, घरात चमच्याची पाठ चालते. उघड्या कागदावर चमचा घासू नका, चकाकी उठते.

फाडायचं की कापायचं? मी दहातले सात तुकडे फाडतो. फाडलेल्या कडेला कागदाचे तंतू दिसतात, आणि छापील कागदाच्या एका तुकड्याला पांढरी कड येते, दुसऱ्याला येत नाही. हाताची ओढ उलटी केली की ती कड दुसऱ्या तुकड्याकडे जाते. दोन-चार कागद फाडून हात बसवून घ्या, मग ढगाची, लाटेची, डोंगराची कड हवी तिथे पांढरी काढता येते. ग्रेनच्या आडवं नीट फाडायचं असेल तर ओल्या ब्रशने रेघ मारा, क्षणभर थांबा आणि हळूच ओढा. कात्री घराला, खांबाला, जिथे माणसाने केलेली सरळ रेघ आहे तिथे.

गड्ड्याची रात्र

एक चित्र सुरुवातीपासून सांगतो. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा भरते, आपण तिला गड्डा म्हणतो. होम मैदानावर पाळणे, दुकानं, दिव्यांच्या माळा, शेजारी तळं आणि तळ्यात मंदिर. ते मला कागदात करायचं होतं.

१२ बाय १५ इंचांचा जाड करडा पुठ्ठा घेतला. पुढून काही लावायच्या आधी मागे वहीचा कागद पूर्ण चिकटवला, पुठ्ठ्याच्या ग्रेनला समांतर. याला अस्तर म्हणतात. पुढचे कागद वाळताना पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढणार, मागचं अस्तर त्याला उलट ओढून सरळ ठेवतं. कोलाज वाकडं होण्याच्या दहा तक्रारींपैकी नऊ अस्तर न लावल्याच्या असतात.

आभाळ पाकिटांच्या आतल्या निळ्या नक्षीचं. पाच पाकिटं पाच वेगळ्या निळ्यांची होती. सगळ्यात गडद वर आणि खाली येताना फिकट, पट्ट्या आडव्या फाडून. तळं मराठी वर्तमानपत्राच्या बारीक टाइपाचं, ओळी आडव्याच ठेवून. मंदिर तेलुगू पत्रिकेच्या मजकुराचं.

मग दिवे. इथे मी तीन दिवस अडलो. सोनेरी कागदाचे ठिपके कापून लावले, ते टिकल्यांसारखे दिसले. काढून टाकले. एका संध्याकाळी जॅकार्डचं कार्ड टेबलावर लग्नपत्रिकेवर पडलेलं होतं, आणि प्रत्येक भोकातून पत्रिकेचा सोनेरी-पिवळा उजेड वर आला होता. कुठे सलग पाच भोकं, कुठे एकच, मध्ये अंधार. गड्ड्यावर लांबून माळा दिसतात तशाच. दिवे वरून लावायचे नव्हतेच, ते कार्डाच्या मागून यायला हवे होते. आधी पत्रिकेचा सोनेरी भाग चिकटवला, तो पूर्ण वाळू दिला, मग कार्डाच्या पाठीला फक्त भोकांच्या मधल्या जागेवर बारीक ब्रशने घट्ट फेविकॉल लावून कार्ड वर बसवलं. भोकाच्या कडेला फेविकॉल आला असता तर दाबताना आत उतरून सोनेरी कागदावर डाग पडला असता. अशी अकरा कार्डं, उंच-सखल, दुकानांच्या ओळीसारखी.

ती पत्रिका वापरण्यात मला आणखी एक समाधान होतं. यात्रेतला अक्षता सोहळा म्हणजे सिद्धेश्वरांच्या योगदंडाचा कुंभारकन्येशी विवाह. लग्नाच्या दिव्यांना लग्नाच्याच पत्रिकेचा उजेड मिळाला.

यात्रेत मिरवतात त्या सात नंदीध्वजांच्या उंच काठ्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या पांढऱ्या कडेच्या. सुतळीएवढ्या बारीक पट्ट्या स्टीलच्या पट्टीने आणि नव्या ब्लेडने कापल्या. ब्लेड जुनं असेल तर वर्तमानपत्र कापलं न जाता ओढलं जातं, त्यामुळे दर चार-पाच कापांनंतर ब्लेडचं टोक बदला.

काहीही चिकटवायच्या आधी सगळं कोरडंच मांडायचं आणि मोबाइलवर फोटो काढायचा. मी या चित्राचे १९ फोटो काढले. फोटो काळा-पांढरा करून बघा, सगळा भाग सारखाच करडा दिसत असेल तर कुठेतरी गडद हवाय. कागदांचे प्रकार पाच-सहाच्या वर नेऊ नका. आणि थोडी जागा रिकामी सोडा. माझ्या चित्रात तळ्याचा डावा कोपरा रिकामा आहे, तिथे नुसता पुठ्ठा दिसतो.

वाळवणं आणि टांगणं

दिवसाला दोन-तीन थरांपेक्षा जास्त लावू नका. रात्री वर बटर पेपर, त्यावर सपाट फळी, त्यावर वजन. प्रेस नसेल तर विटा वर्तमानपत्रात गुंडाळून चार कोपऱ्यांना आणि एक मध्ये ठेवा. जॅकार्डचं कार्ड असेल तर वर जुन्या चादरीची घडी ठेवून मग फळी, नाहीतर कार्डाच्या कडा खालच्या कागदात रुततात. सकाळी वजन काढून तासभर हवा लागू द्या आणि बटर पेपर बदला. दमट बटर पेपर तसाच ठेवला तर बुरशी धरते.

वरून वॉर्निश मी लावत नाही. कागदाचा स्पर्श जातो आणि वर्तमानपत्र तेलकट दिसायला लागतं. काचेची फ्रेम करा, पण काच कागदाला टेकू देऊ नका. फ्रेमवाल्याला सांगून मध्ये पुठ्ठ्याची बारीक पट्टी टाकून घ्या. टेकलेल्या काचेला पावसाळ्यात कागद चिकटतो आणि मग सोडवताना छपाई काचेवर राहते. ऊन येणाऱ्या भिंतीवर टांगू नका.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका आजींनी विचारलं होतं, या वयात सुरू करून काय होणार? मी त्यांना मेरी डिलेनी यांचं सांगितलं. त्यांनी इंग्लंडमध्ये १७७२ च्या सुमारास, सत्तरी ओलांडल्यावर, काळ्या कागदावर कागदाच्या बारीक तुकड्यांची फुलं करायला घेतली आणि पुढच्या दहा वर्षांत ९०० हून जास्त केली. ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आजींनी आता औषधांच्या खोक्यांची जास्वंद केलीय.

फ्रेम बंद करायच्या आधी अस्तरावर पेन्सिलने कागदांची यादी लिहा. पेनाने नको, शाई उतरते. गड्ड्याच्या चित्रामागे मी लिहिलंय: आभाळ, बँकेची पाकिटं, पाच. तळं, संक्रांतीच्या आठवड्याचं वर्तमानपत्र. मंदिर, शेजारच्या थोरल्या मुलीची पत्रिका. दिवे, तिच्या वडिलांनी पंच केलेली कार्डं, अकरा, मोराच्या नक्षीतली.